शी म्हणजे कोण?

साहेबांनी कपाटाचं सील स्वतःच्या हातानं फोडलं आणि बाईंनी नाक दाबलं.

वास नुसता आला नाही, चालत आला. खोलीला एक चक्कर मारली आणि मधोमध ठाण मांडून बसला. भिंतीवरची पाल खिडकीतून निघाली ती समोरच्या इमारतीत राहायला गेली. अजून तिथंच आहे. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा तिला.

कपाटात खोका होता. इंग्रजी शिकवायच्या पुस्तकात पानगळीचा एक धडा होता, त्यातला हा खेळ. डोळे मिटायचे, खोक्याच्या भोकातून हात आत घालायचा आणि हाताला लागेल ते इंग्रजीत सांगायचं. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या देशात पानं सोनेरी होऊन कुरकुरीत पडत असतील. इथल्या खिडकीबाहेरचं झाड बारा महिने हिरवंगार, पान सोडायचं नाव नाही. म्हणून बाईंनी त्याचीच ओली पानं ओरबाडली, वर भोपळ्याची मोठी फोड आणि मूठभर अळंबी टाकली. त्याच दिवशी साहेब तपासणीला टपकले. खोका पाहिला आणि विद्यार्थ्यांनी आधी चाचपून ठेवू नये म्हणून कपाटाला सील ठोकून गेले. परत उगवले ते पंधरा दिवसांनी. तोवर भोपळ्यानं आपली पानगळ आतल्या आत उरकून घेतली होती.

"सर, बॉक्स इज... बॅड," बाई म्हणाल्या.

"लेसन अ‍ॅज पर बुक," साहेब म्हणाले.

साहेबांचा एकच नियम होता. वर्गात आपल्या भाषेतला एक शब्द जरी ऐकू आला, तरी वर्ग बंद. खालच्या मजल्यावरचा वर्ग असाच गेला. तिथं एकाच्या पायावर टेबल पडलं आणि तो चुकीच्या भाषेत ओरडला. बाईंची नोकरी या एका वर्गावर उभी होती.

साहेबांना आपली भाषा येतच नाही, असं सगळे म्हणत. ते घोरतातसुद्धा इंग्रजीत, अशी वदंता होती. सकाळी शिपाईमामांनी "साहेब, चहा घेणार का?" विचारलं, तर बुटाला काहीतरी चिकटल्यासारखा चेहरा करून ते म्हणाले, "आय डोन्ट फॉलो." मग त्यांनी खुर्ची रुमालानं पुसली, रुमालाकडे पाहिलं आणि रुमालच फेकून दिला.

वर्ग कामधंदा सांभाळून इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांचा. पहिली आली परिचारिका. जखमा धुण्यात निम्मं आयुष्य घालवलेली. तिनं डोळे मिटले, हात आत घातला. गार, बुळबुळीत असं काहीतरी तिच्या बोटांभोवती बसलं आणि मग हललं.

"शी!" ती किंचाळली.

साहेबांचं पेन वर झालं.

"येस!" बाई त्याहून मोठ्यानं ओरडल्या. "शी! व्हेरी गुड! शी... इज व्हॉट? फुल सेंटेन्स!"

परिचारिका चलाख. कोपरावरून पिवळं पाणी ओघळत असताना तिनं वाक्य जुळवलं. "शी... इज कोल्ड."

पेन हवेतच थांबलं. शब्द इंग्रजी, वाक्य इंग्रजी. बोट ठेवायला जागा नव्हती.

मग काय, वर्गाला वाटच सापडली. शिंपी आला, त्यानं दोन बोटं बुडवली. "शी! शी इज व्हेरी वेट." त्याच्यामागून टॅक्सीवाला. त्याच्या बोटावर बसून एक लठ्ठ अळी उजेड बघायला बाहेर आली.

"शी शी शी! शी इज... वॉकिंग!"

साहेबांनी नाक मुठीत धरलं होतं, तरी प्रश्न सोडला नाही. "हू इज शी?"

टॅक्सीवाल्याचा अभ्यास इतका पुढं गेलेला नव्हता. त्यानं अळीसकट बोट सरळ बाईंकडे केलं. "अवर टीचर, सर. व्हेरी रॉटन."

बाईंनी त्याला जी शिवी दिली ती अस्सल आपल्या भाषेतली होती, पण मनातल्या मनात. तिथं साहेबांचं सील चालत नव्हतं.

साहेब उठले. हे ओरडणं इंग्रजी नाही, हे त्यांना कळत होतं. सिद्ध मात्र करता येत नव्हतं.

"अ प्रॉपर इंग्लिश स्पीकर," ते बाहीसुद्धा न दुमडता म्हणाले, "डझ नॉट शाउट. वॉच मी."

त्यांनी डोळे मिटले. मनगट आत गेलं, मग कोपर. आत पचकन आवाज झाला. भोपळ्यानं बहुतेक सील ठोकणारा हात ओळखला. थंडगार लगदा बाहीत शिरला आणि त्यातलं जे जिवंत होतं, ते सावकाश काखेच्या दिशेनं निघालं.

"शी! शी शी शी! आई गं, काय घाण आहे ही! बाहीत शिरलंय! काढा, अहो काढा ना कुणीतरी!"

कुणी हललं नाही. दारात शिपाईमामा चहाचा कप धरून उभे होते, ते तसेच राहिले. बाईंनी नाकावरचा हात काढला. टेबलावरचं साहेबांचं पेन उचललं.

"शी आणि ही, दोन्ही इंग्रजीत धरते, साहेब," बाई म्हणाल्या. "पण ते 'आई गं' कुठल्या भाषेत लिहू?"