इतिवृत्ताची शेवटची ओळ

व्हर्नेल गेल्याचं विद्यापीठात कळलं त्याच दिवशी तिच्या विभागानं पुढच्या बैठकीत श्रद्धांजली ठरवली आणि तिच्या नवऱ्याला, रूफसला, बोलावलं.

एकोणीस वर्षं त्या विभागात ती एकटीच काळी प्राध्यापक होती. बैठकीच्या इतिवृत्तातून नेमकं तिचंच बोलणं गळायचं, आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी ती मेल पाठवायची: मी हे बोलले होते, नोंद करा.

"सोड ना गं आता," रूफस म्हणायचा. तो जन्मभर सिटी बस चालवलेला माणूस. "बस तासभर उशिरा आली तरी लोक एवढ्या तक्रारी लिहीत नाहीत."

"आज सोडलं, तर उद्या म्हणतील ही बाई इथं नव्हतीच."

बैठकीत सगळ्या गोऱ्या सहकाऱ्यांनी तिच्या हसऱ्या स्वभावाचं कौतुक केलं. मग विभागप्रमुख म्हणाले, "रूफस, तुम्हीही दोन शब्द बोला."

रूफस उभा राहिला. "तिनं चार वेळा बढती मागितली. चारही वेळा तुम्ही नाही म्हणालात. हे कौतुक तेव्हा कुठं ठेवलं होतं?"

विभागप्रमुखांनी पुढचा विषय घेतला.

सोमवारी रूफसलाही इतिवृत्त आलं. शेवटची ओळ होती: 'दिवंगत प्राध्यापिकेच्या पतींनी विभागाचे आभार मानले.'

 

आज तिच्याच टेबलाशी बसून रूफसनं सहावी मेल पाठवली. नोंद अजून झालेली नाही.