पूर्ण नाव

दुपारी अडीच वाजता मयुरीने घराची दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि आईच्या डोक्यावरचा एक केस कात्रीने कापला.

केस जेमतेम बोटाच्या अर्ध्या पेराएवढा होता. पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकावर तिने तो चिकटपट्टीने ताणून बसवला. पुठ्ठा गव्हाच्या कोठीवर उभा केला आणि मागून लेझर लावला. समोरच्या भिंतीवर लाल ठिपक्यांची आडवी रांग उमटली. मध्ये एक मोठा, दोन्ही बाजूंना लहान होत गेलेले.

"हे माह्या केसाचं?" बेबीताईंनी खाटेवरून विचारलं.

"हाव. तुह्याच."

मयुरी हिवराळे दूरच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. प्रकाशशास्त्र फादर मॅथ्यू शिकवत. केसाची जाडी लेझरने मोजणं हा त्यांचा आवडता प्रयोग. धामणगाव बढ्याहून तिला पाठवताना वडिलांनी, पुंजाजींनी, एकच गोष्ट बजावली होती. "शिक त्यायच्यापाशी. हात नको जोडू."

पुंजाजी गावातल्या विहाराचं काम पाहत. त्यांच्या घरात नवस, अंगारा, गंडा यातलं काही कधी आलं नाही. मयुरी लहानपणी तापाने फणफणली तेव्हा शेजारच्या तानाबाईंनी तिच्या मनगटाला दोरा बांधला होता. पुंजाजींनी तो भर गल्लीत कापला. वर्षभर दोन घरांचं बोलणं बंद होतं.

विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये दर शुक्रवारी आजाऱ्यांची नावं वाचत. सगळे डोळे मिटत. मागच्या बाकावर बसलेली मयुरी उघडे ठेवी. हे तिने फोनवर घरी सांगितलं, तेव्हा पुंजाजी खूश झाले होते.

जानेवारीत शेगावकडच्या गावांत लोकांचे केस गळू लागले. त्याच आठवड्यात बेबीताईंनी डोक्याला रुमाल बांधला. "इकडंबी आलं ते," त्या व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या. वर्गातल्या सगळ्यांनी बुलडाण्याची बातमी पाहिली होती. मयुरीला शंका घेण्याचं कारण नव्हतं. तिच्या गोधडीला आईचा एक लांब केस चिकटलेला सापडला. प्रयोगशाळेत तिने तोच मोजला.

पण रुमाल मार्चमध्येही सुटला नाही. तेव्हा मयुरीने फोनवर सांगून टाकलं, "ईस्टरच्या सुट्टीत येतो. केस आले नसतील तर मी वापस जाणार नाई. परीक्षा गेली तरी चालीन."

ती आली तेव्हा बेबीताई उघड्या डोक्याने दारात उभ्या होत्या. गल्लीत जयंतीच्या निळ्या पताका अजून होत्या. आईच्या डोक्यावर काळी, मऊ लव आली होती. "पाय, जावळ आलं मले," त्या म्हणाल्या. तानाबाई ओट्यावरून ओरडल्या, "आता मामा पाह्यजे वं बेबी, जावळ काढाले!" मयुरी पोट धरून हसली. चार दिवस ती निर्धास्त झोपली. आता तिची बॅग दाराशी भरून ठेवली होती. परवा प्रकाशशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. चारच्या एसटीने मलकापूर गाठायचं, तिथून संध्याकाळची गाडी. निघण्याआधी आईला प्रयोग दाखवायचा, एवढंच राहिलं होतं.

तिने भिंतीवर पट्टी धरली.

"जुन्या केसापरीस ठिपके दूर दूर पडले," ती म्हणाली.

"काऊन वं?"

"हा केस बारीक हाय. वस्तू जेवढी बारीक, तेवढा उजेड जास्त पसरते."

"उलटंच हाय मंग."

"हाव. उलटंच."

रांगेकडे पाहतच बेबीताईंनी विचारलं,

"तुमच्या तिथं शुक्रवारी आजाऱ्यायचे नावं वाचतात न?"

"वाचतात."

"माहं देजो."

मयुरी हसली. "तुले काय झालं आता? केस तर आले."

"औषध बंद केलं का येतातच ते." बेबीताईंचा आवाज साधा होता, भाजी निवडताना असतो तसा. "त्या औषधानंच गेले होते. अकोल्याच्या डॉक्टरनं होळीच्या आधी बंद केलं. म्हणे, आता देऊन उपयोग नाई."

मयुरीच्या हातातली पट्टी भिंतीवरच राहिली.

"तू पेपर सोडून आली असती," बेबीताई म्हणाल्या. "म्हणून नाई सांगतलं. आजबी सांगणार नव्हती."

मधल्या दारात पुंजाजी उभे होते. ते कधी आले, कळलं नव्हतं. त्यांनी नावाचं ऐकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मयुरी त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांनी आता चिडावं, आईला चार शब्द सुनवावेत, आपल्यात हे चालत नाही म्हणावं, याची ती वाट पाहत होती. ते चिडले असते तर अजून काही हातात आहे, असं तिला वाटलं असतं.

पुंजाजींनी घसा साफ केला.

"पूर्ण नाव देजो," ते म्हणाले. "बेबीताई पुंजाजी हिवराळे. गावबी सांगजो. नाईतर भलत्याच बेबीताईले लागू होईन."

बेबीताईंना हसू आलं.

मलकापूरची चारची एसटी गेली. पाचची अजून यायची होती. बॅग दाराशी होती, दार लावलेलं होतं, आणि लेझर कोणी बंद केला नव्हता.