आरशाची पाठ

"टॉर्च जरा खाली धर," क्लेमेंट गुडघ्यांवर बसत म्हणाला. ॲम्ब्रोझने खाली धरला.

आरसा भिंतीवरून उतरवून पालथा टेकवला होता. जुन्या सोनेरी आरशांचं वेड असलेले इंग्लंडमधल्या लडलो गावात हे दोनच म्हातारे. आणि आरसेवाले आरशात तोंड बघत नाहीत, आरशाची पाठ बघतात. खरं-खोटं तिथंच कळतं. या आरशाची पाठ मात्र ॲम्ब्रोझने चाळीस वर्षं कुणाला दाखवली नव्हती. आता तो घर विकून वृद्धाश्रमात निघाला होता, म्हणून हा योग.

क्लेमेंटने हा आरसा पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, ॲम्ब्रोझच्या दिवाणखान्यात. कोरीव पक्ष्यांची लाकडी चौकट, तिच्यावर अडीचशे वर्षांपूर्वीचा सोन्याचा वर्ख. तेव्हापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही. ॲम्ब्रोझच्या नाकावर टिच्चून त्याने स्वतःच्या घरात तेवीस आरसे लावले. पण त्या एकाची सर कशालाच येईना. मग त्यात खोट तरी सापडावी, म्हणून त्याने जुन्या लिलावांच्या याद्या उपसून आधीचे मालक शोधले. एक उमराव, एक पाद्री, १९२१ चा एक लिलाव. पुढची साठ वर्षं कोरी. चोरीचाच असणार, असं मेलं मन सारखं म्हणायचं.

त्याची बायको हेस्टर बाहेर गाडीत बसून होती. ॲम्ब्रोझच्या घरात ती कधी पाऊल टाकत नसे. गुडघा दुखतो म्हणायची.

मागच्या फळीच्या कोपऱ्यात सामान वाहणाऱ्यांची पिवळी चिठ्ठी होती. क्लेमेंटने धूळ फुंकली. 'मिस हेस्टर गार्लंड, ब्यूडली, १९८३.'

बायकोचं माहेरचं नाव-गाव त्याने तीनदा वाचलं.

"तिच्या आजीचा," ॲम्ब्रोझ म्हणाला. "आमचं लग्न ठरलं होतं. आरसा आधी आला, ती मात्र आलीच नाही. तुला माहीत नव्हतं? अरे, एवढा मालक शोधत फिरणारा माणूस तू!"

क्लेमेंट गाडीत येऊन बसला. आरसा आता त्याला फुकट दिला तरी नको होता. जळायला त्याहून मोठं काहीतरी मिळालं होतं.

"त्याला का सोडलंस?"

हेस्टर दचकली नाही. जणू हा प्रश्न यायला फार उशीर झाला होता.

"आरसा घरात आल्यापासून तो माझ्याशी बोलायचा, पण बघायचा त्या पक्ष्यांकडे."

"आणि माझ्यात असं काय पाहिलंस?"

तिने गाडीचा पट्टा ओढून लावला.

"तेव्हा तुझ्या घरात एकच आरसा होता, क्लेमेंट. दाढी करायचा."