शेवटचं कडवं

फिडल, बासरी, डफ सगळं एकदम थांबलं. नाचाच्या चालींनी तापलेले लोक अजून पायाने ठेका धरून होते. तेवढ्यात कोलमनने कॉन्सर्टिना, हातात धरून वाजवायची ती छोटी भात्याची पेटी, बाजूला ठेवली, खुर्ची पुढे ओढली, डोळे मिटले आणि उजवा हात गुडघ्यावर उताणा टाकला. आता तो साथीशिवाय गाणार होता. चर्चच्या त्या जुन्या सभागृहात खुर्च्यांची करकरसुद्धा थांबली.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या बारब्रेने तो उताणा हात पाहिला आणि आपले दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

या किनाऱ्यावर असं गाणं एकट्याने म्हणायचं नसतं. गाणारा डोळे मिटतो, आणि जवळचं कुणीतरी त्याचा हात हातात घेऊन सावकाश फिरवत राहतं, जातं फिरवावं तसं. त्याने गाणाऱ्याला बळ येतं. कोलमनचा हात आई धरायची. आई थकल्यावर बारब्रे, त्याची थोरली बहीण. गावातली माणसं गाणं कानांनी ऐकतात आणि बातम्या डोळ्यांनी गोळा करतात, त्यामुळे निम्मं सभागृह कोलमनकडे सोडून तिच्याकडेच बघत होतं.

त्याने आईचं गाणं धरलं. मुलाला बोटीवर बसवून देणाऱ्या बाईचं.

"ऊठ की गं," शेजारची सोर्का कुजबुजली. तिकीट तिनेच काढलं होतं आणि बारब्रेला बळेच आणून बसवलंही तिनेच होतं. "किती वेळ हात पसरून बसायचं त्याने?"

"आईला मूठमाती द्यायला नाही आला हा हात," बारब्रे म्हणाली. तिला वाटलं होतं तितकं हळू ते निघालं नाही. पुढच्या रांगेतली दोन डोकी मागे वळली आणि पुन्हा सरळ झाली.

आई गेली तेव्हा कोलमन बँडबरोबर अमेरिकेत होता. त्याने फुलं पाठवली, फुलांबरोबर चिठ्ठी पाठवली, स्वतः मात्र त्या संध्याकाळी स्टेजवर बसून वाजवलं. बारब्रेने फोनवर त्याला सांगितलं होतं की या घराची पायरी चढू नकोस. तरीही काल दुपारी तो दारात आला होता. ती परसात वाळलेले कपडे काढत राहिली, आणि सगळे काढून झाल्यावर ओले राहिलेत असं म्हणून पुन्हा वाळत घालत राहिली. तो निघून गेला.

दुसरं कडवं संपलं. मागून कुणीतरी "शाबास रे कोलमन" म्हणालं, कुणी "देव तुला बळ देवो" म्हणालं. गाणाऱ्याला असं मधूनमधून हाक देत राहावं लागतं. बारब्रेचे ओठ आपोआप हलले आणि तिने ते घट्ट मिटले.

तिचं लक्ष पुढे होतं, शेवटच्या कडव्याकडे. त्यात आईला मातीत ठेवतात, मुलगा समुद्रापलीकडे असतो आणि माती कुणी टाकली असं विचारतो. हे कडवं हा आता कोणत्या तोंडाने म्हणतो ते तिला ऐकायचं होतं. आवाज कापला तर उठायचं. नाही कापला तर कोटाची बटणं लावून सरळ घरी जायचं. एकदा असं ठरवल्यावर तिला जरा हलकं वाटलं, कारण निवाडा आता तिच्या अंगावर राहिला नव्हता.

तिसऱ्या कडव्यात त्या हाताची बोटं किंचित मिटली, पुन्हा उघडली. फिडल वाजवणारी मुलगी दुसऱ्या परगण्यातली होती. तिला ते बघवेना, तिने हात पुढे केला. डफवाल्या म्हाताऱ्याने मान हलवून तिला थांबवलं. ती जागा कुणाची आहे हे त्याला माहीत होतं.

चौथं कडवं संपलं. गाण्यातली आई धक्क्यावर उभी राहिली, बोट दिसेनाशी झाली. आता ते शेवटचं. कोलमनने श्वास घेतला, आणि तो श्वासच कापला. बारब्रेला तेवढं पुरलं. ती कापऱ्या आवाजाचीही वाट न बघता उठली, माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत खुर्च्यांच्या रांगांमधल्या रस्त्यात आली.

कोलमनने चौथ्या कडव्याची अखेरची ओळ पुन्हा एकदा म्हटली. गायली नाही, साध्या आवाजात नुसती बोलला.

इकडची गाणी अशीच संपवतात. ओळ बोलून टाकली की गाणं झालं. पाचवं कडवं त्याने म्हटलंच नाही. त्याच्याने ते म्हणवलं नाही, हे तिला तिथे रस्त्यात उभ्या उभ्या कळलं. पहिल्या कडव्यालाच उठायला हवं होतं. तो मघापासून हात पुढे करून बसला होता आणि आपण त्याची परीक्षा घेत बसलो, या लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, बहीण त्याला मान द्यायला उभी राहिली आहे. मग ते कसे बसून राहणार? पहिली रांग उठली, दुसरी उठली, सगळं सभागृह उभं राहिलं, मधल्या रस्त्यातही माणसं आली. तिच्यापुढे नुसत्या पाठी आणि वर गेलेले हात.

"कोलमन," तिने हाक मारली. टाळ्यांत ती तिची तिलाही ऐकू आली नाही.

दोन खांद्यांच्या फटीतून तिला तो दिसला. त्याने डोळे उघडले आणि आधी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सोर्का उभी होती. तिच्या शेजारी कुणी नव्हतं. त्या मोकळ्या जागेकडे बघून त्याने मान हलवली, उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी, आणि कॉन्सर्टिना उचलून मांडीवर घेतली.