अश्विनची वाट

चढ संपला तिथं कमलाबाई एका दगडावर बसल्या. नवे कॅनव्हासचे बूट काढून त्यांनी टाचा चोळल्या, आणि समोरच्या झाडीकडे बघत सुनेला विचारलं, "काय होतं वो इथं? दरसाली येत होता. काय ठेवलं होतं त्यानं इथं?"

मेघानं घडी घातलेला नकाशा खिशात सरकवला. "पाह्यासारखं असं काही नाही, आई. ते नुसते चालत."

"नुसतं कोण चालते बाई? आम्ही जंगलात गेलो तं मोहफुलं तरी घेऊन येत होतो."

गिरडहून निघाल्याचा हा दुसरा दिवस होता. सोबत वाटाड्या नव्हता. सागाच्या खोडांवर चुन्यानं काढलेले बाण शोधत चालायचं, दिवस बुडायच्या आत मुक्कामाची खोली गाठायची आणि दार आतून लावून घ्यायचं. मेघाचा नवरा अश्विन दर हिवाळ्यात असाच एकटा चालायचा. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या रस्त्यावर एका ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं, आणि तो गेला. त्यानंतर त्याच्या आईनं कधी काही मागितलं नव्हतं. या जानेवारीत मात्र त्या एकदम म्हणाल्या होत्या, "मले तिकडं ने एकदा."

उन्हं तिरपी झाली तेव्हा खोली दिसली. सागाच्या फळ्यांच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, आत दोन बाजा आणि एक चूल. खोलीची देखभाल करणारा खालच्या वस्तीवरचा हेमराज सकाळीच पाणी भरून, लाकडं रचून गेला होता. कमलाबाईंनी भिंतीवरून हात फिरवला. फळीच्या फटीतून बाहेर पाहिलं.

"कोणत्या बाजेवर निजत होता?"

"खिडकीकडच्या, म्हणत होते."

त्यांनी स्वतःची पिशवी दुसऱ्या बाजेवर ठेवली. मेघानंही आपली तिथंच ठेवली. खिडकीकडची बाज रिकामी राहिली.

कमलाबाईंनी चूल पेटवली आणि पीठ मळायला घेतलं. मेघा कांदा चिरू लागली. आईंना एक गोष्ट सांगायची म्हणून आदल्या दिवशी ती दिवसभर शब्द जुळवत चालली होती, आणि सांगता आलं नव्हतं. इथं टीव्ही नव्हता, शेजारपाजार नव्हता. उठून जायला दुसरी खोलीही नव्हती.

"आई, आमच्या दवाखान्यात एक्सरे काढणारे गजेंद्र आहेत ना..."

"मले मालूम हाय."

मेघाचा हात विळीवर थांबला. "कोणी सांगितलं?"

"कोण सांगते? फोन आला का तू अंगणात जाते. लग्न जुळलं तवा आपल्या घरी आली होती, कामावरून अश्विनचा फोन आला तं अशीच उठून अंगणात गेलती."

धूर दोघींच्या मध्ये येऊन थांबला. कमलाबाईंनी तव्यावरची भाकर फिरवली.

"लग्नाले हो म्हटलं त्याले?"

"तुम्हाले विचारल्याबिगर कशी म्हणू?"

"अन् मी नाई म्हटलं तं?"

मेघा उरलेला कांदा चिरू लागली. तव्यावरची भाकर एका बाजूनं करपली. कमलाबाईंनी ती आपल्या ताटात टाकली आणि दुसरी थापायला घेतली.

"दारू पेते का तो?"

"नाही."

"तुह्यावर आवाज चढवते का?"

"नाही, आई."

"मंग कर."

एवढं बोलून त्या जेवायला बसल्या. मेघानं घास मोडला आणि ताटातच ठेवला. कमलाबाईच पुन्हा बोलल्या. आवाज अगदी रोजचा होता.

"मी हे म्हणून राह्यली का, आता त्याच्या गोष्टी मी कोणासंगं करू? त्याचे बाबा नावच काढू देत नाई. शेजारच्या बाया लगेच दुसरं काही बोलते. घरात तूच होती."

"मी येत जाईन ना."

"येजो. पाहुणी म्हणून येशील, त्या घरची होऊन. मंग मीच नाई बोलणार. तुह्या नव्या संसारात मी माह्या पोराले काऊन आणू?"

मेघा रडायला लागली. कमलाबाई रडल्या नाहीत. त्यांनी तिचं ताट तिच्याकडे सरकवलं. "खाय. उद्या चालाचं हाय."

सकाळी धुकं होतं. थोडं चालल्यावर ते निवळलं, आणि टेकडीचा माथा आला. खाली पानगळ झालेलं सागाचं रान पसरलं होतं, आणि दूर गिरडच्या दर्ग्याची टेकडी मुठीएवढी दिसत होती. बाण उताराकडे वळला होता. कमलाबाई थांबल्या.

"तू हो पुढं. मी येतो."

"एकट्या?"

"येतो म्हटलं ना."

मेघा उतरू लागली. वळणावर आली आणि तिथंच थांबली. ती झाडाला धरून उभी राहिली.

वरून हाक आली. दिवेलागणीला आई अंगणातून पोराला बोलावते तशी, लांब ओढलेली.

"अश्विऽऽन! घरी ये रे बाबूऽऽ!"

रानातून एक मोर ओरडला आणि गप्प झाला.

"अश्विऽऽन!"

मेघानं मागं वळून पाहिलं नाही. तिसऱ्या हाकेची ती वाट बघत राहिली. हाक आली नाही.

मग वाळलेल्या पानांवर पावलं वाजू लागली. उतारानं हळूहळू जवळ येणारी, एकाच माणसाची.