कडू घास

कामावरून डब्यासकट धावत आलेला भालचंद्र फाउंड्रीत शिरला, तेव्हा त्याचा बदली रक्ताळलेला पाना मांडीवर घेऊन हसत बसला होता. चेहरा त्याचाच, फक्त सहा वर्षांनी तरुण.

"त्या ड्रायव्हरला मारलंस," भालचंद्र म्हणाला. "बदलीचा गुन्हा कायद्यानं मूळ माणसाच्या माथी. आता तुझ्यापायी मला जन्मठेप."

"माल घेऊन आला होता. आज सकाळी त्यानंच रेवूला चिरडलं ना? तू विसरलास?"

भालचंद्र त्याच्यासमोर उकिडवा बसला. रेवूला जाऊन सहा वर्षं झाली होती. ड्रायव्हरला त्यानं केव्हाच माफही केलं होतं. पण ती गेली त्या दुपारी भट्टी थांबू नये म्हणून कंपनीनं भालचंद्रावरून हा हुबेहूब बदली घडवला होता. लेकीला स्मशानात पोचवायला भालचंद्र गेला आणि हा पाळीवर. तेव्हापासून रोज बदलीचं मन पुसून त्याच दुपारवर आणून ठेवत, म्हणजे नवं काही डोक्यात राहत नसे.

"शेजाऱ्यांनी कडू घास आणला असेल ना घरी?" बदलीनं विचारलं. "मला नाही मिळाला."

भालचंद्रानं पाना काढून घेतला, रुमालानं त्याचे हात पुसले आणि डबा उघडला. पिठल्यात बुडवलेला भाकरीचा तुकडा त्यानं त्याच्या तोंडाशी धरला. तो गिळताना बदलीला रडू फुटलं.

बाहेर पोलिसांची गाडी थांबली. खून केलेल्या बदलीला उद्या पुन्हा कुणी उठवणार नव्हतं.

"उद्या हे आठवेल मला?"

"मला आठवेल," भालचंद्र म्हणाला आणि त्यानं पुढचा घास मोडला.