रविवार संध्याकाळचे फोन

"चाळीस खोल्या, आणि सगळे फोन एकाच वेळी?" इंजिनिअरने पुन्हा विचारलं.

"रविवारी संध्याकाळी," वृद्धाश्रमाच्या संचालिकाबाई म्हणाल्या. "आठवडाभर त्या वेळेकडे डोळे लावून बसतात सगळे. पण हल्ली आवाज तुटतो. अर्धं वाक्य येतं, अर्धं गिळलं जातं. मग मंडळी धड जेवतही नाहीत."

त्याने हिशेब मांडला. इंटरनेटवरून जाणारा आवाज बारीक तुकडे होऊन पाकिटांतून जातो. प्रत्येक पाकिटावर पत्ता, आणि त्या पत्त्याचंही ओझं. म्हणजे एका फोनला जाताना सेकंदाला नव्वदेक किलोबिट, येताना तेवढेच. गुणिले चाळीस. बाहेरची लाईन त्याच्या निम्मीही नव्हती.

"मोठी लाईन घ्यावी लागेल."

"बाहेरची राहू द्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "आतली यंत्रणा जुनी झालीय, तेवढी बदला."

"बाई, नळालाच पाणी नसेल तर बादली बदलून काय होणार?"

"तरी बदला."

त्याने नाइलाजाने मजल्यामजल्यांमधल्या वायरी बदलल्या, खोल्याखोल्यांतले फोन जोडणारा जुना स्विच काढून नवा बसवला. आपल्या कामाला बोल लागणार हे धरूनच तो रविवारी मुद्दाम हजर राहिला.

फोन खणखणू लागले. कुणी गुडघ्याची तक्रार सांगत होतं, कुणी लटकं रागावत होतं, कुणी खळखळून हसत होतं. एकही आवाज तुटला नाही. त्याने लॅपटॉप उघडून पाहिलं. बाहेरच्या लाईनवर शुकशुकाट होता. गणित इतकं कुठे चुकलं, त्याला उमगेना.

पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी रिसीव्हर ठेवला आणि त्याला आत बोलावलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाळा, फार उपकार झाले तुझे. मुलाने 'आई' म्हटलं, ते आज पुरतं ऐकू आलं. गेल्या खेपेला नुसताच 'आ' आला होता."

आजवर कुणी त्याच्या कामाबद्दल असं बोललं नव्हतं. तो संकोचला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "असतात कुठे तुमचे चिरंजीव?"

"वरच्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत," आजी म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा रिसीव्हर उचलला. "आता जरा थांब हं, तळमजल्यावरच्या मास्तरांची लेक व्हायची वेळ झाली माझी."